बुंदीचे दात, आबांचे पाय

बेबाबाईंचं घर आणि सुपडू आबांचं घर यांच्यात एका विटेची भिंत. पलीकडे फोडणी पडली की अलीकडे शिंक यायची, मग भांडण ऐकायला कान वेगळा लावावा लागतो थोडाच. आबा तेव्हा आबा नव्हते, नुसते सुपडूभाऊ होते आणि एस.टी.त कंडक्टर होते. रविवारची दुपार होती. बेबाबाई सुपात ज्वारी घेऊन पाखडायला बसल्या होत्या, तेवढ्यात पलीकडे ताईबाईंचा, म्हणजे सुपडूभाऊंच्या बायकोचा, आवाज चढला.

"तुमना बुडखाले इच्चू शे का हो? दोन घास बशीसन खाता येस नही?"

"व्हई गयं मन्हं."

"आज सुट्टी शे तुमले. कोनती गाडी सुटी ऱ्हायनी?"

"सुट्टी शे म्हनीसन पाय कापी ठेवू का मी?"

"मरशात तवय बी उभ्या उभ्याच मरशात तुम्ही! लोके म्हनतीन, ताईबाईना नवरा मरी गया तरी कामले लागेल शे!"

बेबाबाईंना इतकं हसू आलं की सूप कलंडलं आणि ज्वारी ओट्यावर पसरली. संध्याकाळपर्यंत ते वाक्य गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचलं, आणि गिरणीवाल्याने ते सुपडूभाऊंना तोंडावरच ऐकवलं. त्यांना राग आला नाही. ताईबाई काही खोटं बोलली नव्हती.

पण माणसाने बसावं तरी कसं? उभी हयात चालत्या गाडीत गेलेली. एक हात वरच्या दांडीला, काखेत तिकिटांची पेटी, गाडी डुलेल तसं कमरेतून डुलायचं आणि तोंडाने एकच जप, "पुढं सरका, पुढं सरका." अमळनेर म्हणा, धुळे म्हणा, चोपडा म्हणा, यावल म्हणा, ज्या फेरीला घालतील त्या फेरीला. घरची जमीन डुलत नाही, म्हणून घरी आले की पायांना कसंसंच व्हायचं. नोकरी संपली तरी ते गेलं नाही. सकाळी दूध, मग कोणाचं दळण, कोणाचं वीजबिल, कोणाच्या पोराचा विसरलेला डबा. जळगावात एवढ्या गल्लीत एवढी माणसं असूनही आबांना कामं पुरायची नाहीत. कामं संपली की ते स्टँडवर जाऊन उभे राहायचे. गाड्या लागताना बघायच्या, सुटताना बघायच्या. जुने ड्रायव्हर एकेक करून घरी बसलेले, नवी पोरं ओळखत नव्हती. एकाने एकदा कोपराला धरून विचारलं, "बाबा, गाव आठवतंय का तुमचं?"

ते कोणीतरी त्यांच्या मुलाला, समाधानला कळवलं. समाधान भला माणूस. त्याने वडिलांच्या खिशात ठेवायला एक कार्ड छापून आणलं, त्यावर नाव, पत्ता आणि आपला फोन नंबर. आबांनी कार्ड घेतलं, पण त्या दिवशी जेवले नाहीत. हरवलेल्या पोराच्या गळ्यात पाटी अडकवतात तसं वाटलं त्यांना. मग चार दिवस घरातच या खोलीतून त्या खोलीत. ताईबाई म्हणाल्या, "जा बरं भायेर. आठे फरशी घसाई जाई मन्ही."

अशात बुंदी आली. समोरच्या बंगल्यातली मंडळी नाशिकला फ्लॅटमध्ये गेली आणि "आबा, चार दिवस सांभाळा" म्हणून आपली कुत्री ठेवून गेली. त्यांचे चार दिवस अजून सरले नाहीत. लहानखुरी, पिवळसर, केसाळ, तोंड कोल्ह्यासारखं निमुळतं. वयानेही काही लहान नव्हती. तिला फिरवायला म्हणून आबा निघाले आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. हातात कुत्र्याचा पट्टा असला की माणूस कुठेही उभा राहिला तरी तो कामात असतो. स्टँडवर कोणी कोपर धरलं नाही. उलट लोक विचारू लागले, "काय आबा, फिरवायला का?" हो, फिरवायलाच. खिशातलं कार्ड देवघराच्या फळीवर गेलं. बुंदीचे पायही आबांसारखेच निघाले, थकायचं नाव नाही. कोण कोणाला फिरवतंय ते विचारण्यात अर्थ नव्हता.

मग सून मेघा गरोदर राहिली, आणि तिला सगळ्याचे वास येऊ लागले. फोडणीचा, साबणाचा, समाधानच्या शर्टाचा. पण बुंदीच्या तोंडाचा वास हा काही डोहाळ्यांचा खेळ नव्हता. तो सगळ्यांनाच यायचा. सडलेल्या कांद्याच्या चाळीजवळून जावं तसा. मेघा तोंडावर पदर धरून म्हणाली, "आबा, मी काही वाईट नाही. पण उद्या लेकरू रांगायला लागेल, ही त्याचं तोंड चाटेल. मी धुळ्याला जाते बाळंतपणाला. परत येईपर्यंत हिचं तोंड नीट झालं तर राहू दे. नाहीतर यावलच्या मामांना सांगते, त्यांच्या केळीच्या बागेत मोकळी हवा आहे, राहील मजेत."

मजेत! आबांनी यावलच्या फेऱ्या कितीतरी केल्या होत्या. सातपुड्यातून बिबट्या उतरतो तो सरळ केळीत शिरतो, तिथे त्याला सावली, पाणी, लपायला पानं, सगळं असतं. त्या बागांमधली धिप्पाड कुत्रीसुद्धा गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून झोपतात. बुंदीच्या गळ्यात खिळे बांधले तर तिची मानच वर व्हायची नाही. मेघा धुळ्याची, शहरातली मुलगी, तिला हे कोणी सांगितलं नसेल. आबांनीही सांगितलं नाही. तोंडाला वास येतो हे खरंच होतं, त्यावर बिबट्याचं काय सांगायचं?

जनावरांच्या डॉक्टर पुनमताईंनी बुंदीला गुंगी देऊन दातांवरचं कीट खरवडलं, दोन दाढा काढल्या. पण ती गुंगीतून लवकर उठेचना. आबा दवाखान्याच्या पायऱ्या चढत-उतरत राहिले. शेवटी डॉक्टरीण बाहेर आल्या. "आबा, हिचं काळीज कमजोर आहे. पुन्हा गुंगी देता येणार नाही. आता रोज दात घासायचे, दुसरा इलाज नाही." त्यांनी बोटात घालायचा रबराचा ब्रश दिला, आणि एक ट्यूब. "माणसांची पेस्ट चुकूनही नको. ही कुत्र्यांची आहे, कोंबडीच्या चवीची. एका जागी शांत बसा, तिला मांडीवर घ्या. आधी नुसता ओठाला हात, मग बोट, मग ब्रश. घाई करायची नाही."

एका जागी. शांत. बसा. घाई नाही. आबांना वाटलं, बाईने आपल्याला बरोबर ओळखून शिक्षा दिली.

घरी ताईबाईंनी कोंबडीचं नाव ऐकलं मात्र. गळ्यात तुळशीची माळ त्यांच्या. "ती टूब मन्हा घरमा नको! आपुन लिंबनी काडी चावतस, अन् कुत्रीले कोंबडीनी पेस्ट!" ट्यूब बाहेर मीटरच्या पेटीखालच्या खिळ्याला पिशवीत लटकली. मग घासणं-बिसणं जे काय, ते ओट्यावर.

आबा ओट्यावर बसले. बुंदीला मांडीवर घेतलं. आबांचा गुडघा आपोआप हलायला लागला, त्यांच्या लक्षातही येईना. बुंदी थरथरायला लागली. गुडघा जोरात, तशी ती जोरात. ताईबाई दारातून बघत होत्या. "तिले वाटी ऱ्हायनं धरणीकंप व्हई ऱ्हायना." आबांनी दोन्ही गुडघे दाबून धरले, मग हात गडबड करू लागले. त्यांचे हात म्हणजे कंडक्टरचे हात, गर्दीतून शिरायचं, पटकन काम करायचं, निघायचं. ओठ उचलला, बोट घुसवलं, आणि बुंदी जी निसटली ती थेट ओट्याशेजारी लावलेल्या समाधानच्या स्कूटरच्या खाली. दुसऱ्या दिवशी मांडीवर यायच्या आधीच स्कूटरखाली. तिसऱ्या दिवशी पिशवीचा आवाज झाला तरी स्कूटरखाली. आबा पालथे पडून, गाल फरशीला लावून तिला हाका मारायचे आणि बेबाबाई ओट्याच्या भिंतीवरून डोकावून म्हणायच्या, "भाऊ, तुम्हीच घुसा ना तिच्या शेजारी, जागा शे अजून."

धुळ्याहून मेघाचा फोन यायचा. "आबा, घासता ना?" आबा म्हणायचे, "चालू शे, चालू शे." आणि फोन ताईबाईंच्या हातात देऊन बाहेर.

लिंबाची काडी करून पाहिली. कडू लागली, बुंदीने ओकारी काढली. आणि मग ते मिसरीचं झालं.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका तव्यावर तमाखू भाजून तिची पूड करतात आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात. तीच मिसरी. माळ गळ्यात असली तरी मिसरी दातात असते, त्याला देव काही म्हणत नाही. ताईबाईंच्या दाढा सत्तरीतही फुटाणे फोडतात, आणि त्या सगळं श्रेय मिसरीला देतात. रोज ऐकून ऐकून आबांच्या डोक्यात ते बसलं. डॉक्टरीणबाईंनी माणसांची पेस्ट नको म्हटलं होतं, मिसरी काय पेस्ट थोडीच? एका सकाळी ताईबाई देवळात गेलेल्या पाहून त्यांनी डबी काढली, बोटाला चिमूटभर लावली, बुंदी ओट्यावर झोपेत होती तोवर तिच्या हिरड्यांवरून फिरवली. खूश झाले. पहिल्यांदाच बोट आतपर्यंत गेलं होतं.

ते खूश असतानाच बुंदीच्या तोंडातून फेस आला. मग ओकली. मग उभी राहायला गेली तर पाय चारी दिशांना.

आबांनी तिला उचललं आणि धावत सुटले. रिक्षा बघायचंही सुचलं नाही. दवाखान्यात पोचले तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. पुनमताईंनी तोंड धुतलं, सलाईन लावलं आणि मग विचारलं काय दिलं. सांगितल्यावर त्यांनी हातातली सुई खाली ठेवली.

"आबा! तंबाखू? ते विष आहे तिला!"

"मन्ही बायको रोज लावते."

"तुमची बायको एवढीशी आहे का?"

दुपारपर्यंत ते दवाखान्याच्या दारात, आत-बाहेर, आत-बाहेर. बुंदी वाचली. पण त्या दिवसानंतर आबांचा हात नुसता तोंडाकडे गेला की ती मान फिरवायची, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा. ताईबाईंनी डबी उचलून वरच्या फळीवर ठेवली. मिसरी सोडली नाही, पण दोन दिवस नवऱ्याला टोमणा मारला नाही. आबांना तेच जास्त लागलं.

तिकडे मेघाला मुलगा झाला. पेढे वाटायचं काम आबांना मिळालं, गल्लीभर वाटले, शेजारच्या गल्लीतही वाटले. आनंद होताच. पण पेढा हातावर ठेवताना प्रत्येक वेळी मनात यायचं, आता ती येणार.

एका सकाळी आबा बुंदीला घेऊन स्टँडबाहेर केळीवाल्याच्या हातगाडीपाशी उभे होते. अर्धं केळं तिला दिलं. केळाचा एक धागा तिच्या मागच्या दाढेत अडकला, आणि ती पंजाने तोंड खरडायला लागली. समोर चोपड्याची गाडी निघत होती, ती निघताना बघायची होती. घाईघाईत आबा वाकले, बोट घातलं, धागा काढला, सरळ झाले, आणि हातातल्या किल्ल्या हातगाडीच्या लोखंडी पाइपवर वाजवल्या. टण टण. कंडक्टरची जुनी सवय. एक घंटा थांब, दोन घंटा चल. बुंदी चालू लागली.

चार पावलं गेल्यावर आबा थबकले. आपण बोट घातलं होतं. मागच्या दाढेपर्यंत. आणि हिने घालू दिलं.

चोपड्याची गाडी कधी गेली ते त्यांना कळलं नाही.

त्या दिवसापासून पेस्टची पिशवी खिळ्यावरून आबांच्या खांद्यावर आली. ओट्यावर बसायचं बंद. गिरणीपाशी किल्ल्यांचा एक ठोका, की थांबायचं. ओठ उचलायचा, सोडायचा. दोन ठोके, की चल. दूध केंद्रापाशी पुन्हा तेच. पुढे विजेच्या खांबापाशी, स्टँडबाहेरच्या लिंबापाशी. आधी नुसता ओठ. मग बोट, त्यावर पेस्टचा ठिपका. कोंबडीची चव तिला लागली तशी ती एक ठोका पडला की जीभ बाहेर काढून उभी राहू लागली. मग रबराचा ब्रश. एका थांब्यावर पुढचे दात, दुसऱ्यावर डावीकडचे, तिसऱ्यावर उजवीकडचे. ओट्यावर बसलं की दोघांनाही वाटायचं, हे आता कधी संपायचं? इथे दोन ठोके ठरलेले होते. थांबा कितीही नकोसा असला तरी गाडी पुढे जाणार, हे बुंदीला कळलं. आबांना तर ते जन्माचंच माहीत.

लोकांना फुकटचा तमाशा झाला. गिरणीवाला पिठाने पांढऱ्या भुवया उडवून म्हणाला, "आबा, तिकीट फाडी ऱ्हायनात का दात घाशी ऱ्हायनात?" दळणाला आलेली एक बाई म्हणाली, "आमच्या नातवालेबी लावा ना लाइनीत, तो आईचं ऐकत नाही." आबा मान वर न करता म्हणायचे, "पुढं सरका, पुढं सरका."

वास गेला. ताईबाईंनी स्वतः नाक जवळ नेऊन पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आते कोंबडीना वास येस." पण तेवढंच.

एक गोष्ट मात्र आबांना आतून कुरतडत होती. बुंदी हे सगळं रस्त्यावरच करू द्यायची. घरी, ओट्यावर, कोणी ओठाला हात लावला की स्कूटरच्या खाली. मिसरीचा ओटा ती विसरायला तयार नव्हती. आणि मेघा घरीच येणार होती, रस्त्यावर नाही.

मेघा आली ती तिच्या यावलच्या मामांच्या पिकअपमधून, बाळ दुपट्यात. जीवराममामा मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी केळीचा रिकामा क्रेट उतरवून फाटकाशी ठेवला, आत पोतंसुद्धा अंथरलेलं. "कुठं आहे आमची पाहुणीबाई?"

भाकरतुकडा ओवाळून झाला. बाळ ताईबाईंच्या मांडीवर गेलं. मेघाने हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाली, "आबा, दाखवा बरं तोंड तिचं."

आबा हलले नाहीत. मेघा स्वतः वाकली, बुंदीच्या ओठाकडे हात नेला. बुंदी सर्रकन स्कूटरखाली.

मामांनी क्रेट पायाने थोडा पुढे सरकवला. मेघाचा चेहरा पडला. तिलाही हे आवडत नव्हतं, ते दिसत होतं. "आबा, फोनवर म्हणायचात ना, चालू आहे म्हणून..."

"चालू शे," आबा म्हणाले. "पण बेटा, घरमा नही व्हत. माझ्याबरोबर गिरणीपर्यंत चल. तिथून परत ये. मग तू म्हणशील तसं."

"आत्ता? मी आत्ता आले आबा."

"गिरणीच तर. दिसतेय इथून."

ताईबाई आतून ओरडल्या, "जा वं माय. त्यासले बशीसन काही येस नही, तुले म्हाईत शे ना."

मेघा निघाली. गंमत बघायला मामाही निघाले. आबांनी पिशवी खांद्याला लावली, पट्टा हातात घेतला, तशी बुंदी स्कूटरखालून आपण होऊन आली. गिरणी तोंडावर, पण आबांना तेवढं अंतर धुळ्याएवढं वाटलं. आज माणसं जास्त आहेत, मामांचा आवाज मोठा आहे, हिने आज नाही म्हटलं तर? गिरणीच्या खांबावर त्यांनी किल्लीचा ठोका दिला, तो नीट पडलाच नाही. पुन्हा दिला.

बुंदी थांबली. तोंड वर केलं, जीभ बाहेर. आबा वाकले, ओठ उचलला, ब्रश फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. मेघा जवळ आली, अजून जवळ आली, आणि वाकून तिने वास घेतला.

"काय गं बाई," ती म्हणाली, "कोंबडी?"

"सासूले सांगू नको. म्हंजे तिले म्हाईत शे, पण सांगू नको."

मेघाला हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसत ती म्हणाली, "पाळण्यापाशी यायचं नाही. बाळाचं तोंड चाटायचं नाही. आणि आबा, एक दिवस चुकला तरी—"

"चुकाव नही."

"मामा, क्रेट रिकामाच न्या."

जीवराममामांनी एवढा मोठा सुस्कारा टाकला की गिरणीवाल्याने मान वळवली. "चांगलं झालं पोरी. मागच्या अमावास्येला बिबट्याने आमच्या रखवालदाराचं कुत्रं नेलं. तुला नाही कसं म्हणावं, याच घोरात होतो मी रस्ताभर."

मेघा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग आबांकडे बघितलं. आबांनी मान खाली घालून ट्यूबचं झाकण लावायला घेतलं. ते काही लवकर लागेना.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"मी यावलच्या गाडीवर होतो ना बेटा," आबा म्हणाले.

घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं, तशी मेघा लगबगीने वळली. चार पावलांवरून तिने हाक मारली, "आबा, निघालाच आहात तर बाळंतशोपा आणाल? धुळ्याहून आणायच्या राहिल्या."

"आणतो."

दिवस कलला होता. आबा दूध केंद्रापाशी थांबले, विजेच्या खांबापाशी थांबले. पहिल्या दुकानात शोपा संपल्या होत्या. दुसऱ्यात होत्या, पण जुन्या, हातावर चोळल्या तर वासच नाही. तिसरं दुकान स्टँडच्या पलीकडे, तिथे ताज्या मिळाल्या. दुकानदाराने स्टूल पुढे केलं, "बसा ना आबा, बांधतोय तोवर." आबांनी हाताने नको म्हटलं आणि दारातच उभे राहिले, या पायावरून त्या पायावर. बुंदीही. पुडी हातात आली, त्यांनी ती पिशवीत टाकली, ट्यूबपासून वेगळ्या कप्प्यात, आणि निघाले.